वरच्या सुराची जागा

“ती कॅसेट या घरात वाजणार नाही, मावशी! माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!”

व्हर्लीनच्या हातातलं कागदी फूल पातळ मेणाच्या पातेल्यात पडलं, ते काढायला तिनं बोटं तशीच आत घातली, आणि चांगला चटका बसला तरी तोंडातून ‘हाय’सुद्धा काढलं नाही... आत एवढा दाह पेटलेला असताना बाहेरचा कुठला जाणवायला! टेबलावर फुलं वाळत पडली होती, लाल, पिवळी, पांढरी. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या डोंगरातली माणसं आपापल्या कबरी सजवायला वर चढतात, आणि आईच्या कबरीचा तो पहिलाच रविवार आता तोंडावर आला होता.

झेला मावशीनं कॅसेट टेबलावर ठेवली ती ठेवलीच. वेष्टणावर हार्लिसचा फोटो होता, डोक्यावर हॅट, कानांजवळ पिकलेले केस, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘हार्लिस स्टिडमची गाजलेली गाणी’.

“अगं, सगळा जिल्हा ऐकतोय,” मावशी म्हणाली. “पेट्रोल पंपावर तीच, न्हाव्याकडे तीच. माझा तो ठार बहिरा शेजारी, तोही पिकअपच्या काचा खाली करून लावतो. आणि तू त्याची सख्खी बहीण, कानात बोळे घालून बसलीस!”

“त्यात माझा आवाज आहे?”

मावशी कॅसेटची कड बोटानं सरळ करत राहिली.

“सांग ना! आहे?”

“नाही. पण...”

“झालं तर!” व्हर्लीननं मेणाचं पातेलं चुलीवरून उचललं, पुन्हा ठेवलं, फडकं घेतलं आणि मघाच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. “मला आणखी काही ऐकायचं नाही.”

मावशीच्या ‘पण’च्या पुढं काय होतं, ते तिनं ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण दुखावलेल्या माणसाला ‘पण’ सोसत नाही. आईला जाऊन हिवाळा उलटला होता, आणि तेव्हापासून व्हर्लीनला एका जागी बसवतच नसे. शाळेच्या स्वयंपाकघरातून दमून यायची, तरी परसात हिंडायची, कपाटं उपसायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. ही कॅसेट आल्यापासून तर झोपेचंही तेच झालं होतं.

कसं कळावं कुणाला, त्या कॅसेटमध्ये तिचं काय पुसलं गेलं होतं ते!

स्टिडमांच्या घरात गाणं कुणी शिकवलं नाही, ते जेवणासारखं होतं. संध्याकाळी व्हरांड्यात बसायचं आणि गायचं. बाबांचा सूर खालचा, आईचा मधला, व्हर्लीनचा वरचा, आणि हार्लिस तेव्हा एवढासा, तो बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून नुसता ऐकायचा. आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही, त्यामुळे प्रत्येक गळ्याला त्याचं काम असतं. आणि आईचा एक दंडक होता. ज्याचा सूर त्याचाच! बाबा खाणीत पाळीवर असले की खालच्या सुराची जागा रिकामी ठेवायची. तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं, श्वास धरायचा आणि मग पुढं जायचं. “माणूस वाटेवर आहे,” आई म्हणायची, “त्याच्या खुर्चीत दुसऱ्यानं बसू नये.” माणूस गेला, मातीत ठेवला, तरच त्याचा सूर दुसऱ्यानं उचलायचा, तोही कबरीपाशी, कबरी सजवायच्या रविवारी, सगळ्यांसमोर. पुढं चर्चमधल्या सगळ्याच घरांनी हा रिवाज धरला.

खाणीचं छत कोसळलं आणि बाबा गेले, त्या दिवशी हार्लिस रडला नव्हता. पण पुढच्या मे महिन्यात चर्चच्या पाळकांनी त्याला पुढं उभं केलं, नुकत्याच फुटलेल्या आवाजात त्यानं बाबांचा खालचा सूर लावला, आणि अर्ध्यातच कोसळला तो... बाप आता घरी येणार नाही हे त्या पोराला तेव्हा कळलं. व्हर्लीननं त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्या डोक्यावरून वरचा सूर गात राहिली, कारण गाणं मध्येच सोडायचं नसतं.

त्या दिवसापासून ती त्याची बहीण कमी आणि आई जास्त झाली. तो गाणी रचायला लागला. कोळशाच्या गाडीवरचं, पुलाखालच्या पाण्यावरचं, आणि आईच्या त्या दंडकावरून सुचलेलं, ज्यानं पुढं त्याचं नाव देशभर केलं ते ‘दार लोटू नकोस’. प्रत्येक गाण्यात एक ओळ तो बहिणीसाठी ठेवायचा. तो म्हणायचा, “दार लोटू नकोस, आई, दिवा मालवू नकोस...” आणि वरून व्हर्लीनचा आवाज यायचा, “अजून कुणीतरी वाटेवर आहे!” शनिवारी गावच्या रेडिओवर दोघं गायची तेव्हा लोक गाड्या रस्त्याकडेला उभ्या करून ऐकायचे. गाण्याच्या धंद्याचं शहर नॅशव्हिल, तिथल्या एका कंपनीनं काही गाणी ध्वनिमुद्रित केली, ती चालली, आणि दोघांनाही बोलावणं आलं. कायमचं!

व्हर्लीननं बॅग भरली होती. निळा झगा शिवला होता. आणि निघायच्या आधी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, उरला फक्त गळ्यातला तो मधला सूर, शब्दांवाचून. कुणीतरी राहणं भाग होतं.

“मीही जात नाही,” हार्लिस म्हणाला. “खाणीत भरती चालू आहे. उद्या नाव घालतो.”

खाणीत! त्याच खाणीत! समजावून तो ऐकणारा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. मग सकाळी न्याहारीच्या टेबलावर, त्याच्या पुढ्यात कॉफीचा पेला ठेवता ठेवता, तिनं हसत हसत सुरी चालवली.

“जा बाबा तू एकटाच. मला खरंच कंटाळा आलाय तुझ्या रडक्या गाण्यांचा. आईचं निमित्त बरं झालं, नाहीतर मला कसं सांगावं हाच प्रश्न होता.”

“व्हर्ली... तू थट्टा करतेस.”

“थट्टा कसली? लोकांना आवडतात म्हणून मीही गात होते. मला ती खोटी वाटतात.”

कॉफी तशीच टाकून तो उठला आणि गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडं विरला तेव्हा ती ओसंडणाऱ्या डोळ्यांनी आईचं तोंड पुसत होती. आईला सगळं कळलं होतं, पण सांगायला शब्द कुठं होते तिच्याकडं!

तेव्हापासून हार्लिस यायचा तो आईला भेटायला. बहिणीशी बोलणं ‘औषध संपलंय का’ आणि ‘रस्ता कसा आहे’ एवढंच. तिनंही खरं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो सगळं सोडून परत आला असता. आईच्या दफनाला आला तोही मागं उभा राहिला, आणि जेवणाच्या आधीच निघून गेला. आमच्याकडं दफनानंतर न जेवता जाणं म्हणजे नातं तिथंच मातीत टाकल्यासारखं. व्हर्लीनच्या मनात ते रुतून बसलं होतं.

तरी एक होतं. जुन्या गाण्यांत तिचा आवाज होता. कुठं ना कुठं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, ती अजून भावाबरोबर गात होती. त्याच एका गोष्टीवर तिनं आयुष्य काढलं. आणि आता त्यानं सगळी गाणी नव्यानं गाऊन हा संग्रह काढला होता, आणि त्यात ती नव्हती!

शाळेच्या स्वयंपाकघरात तर कहर होता. मक्याचा पाव भट्टीतून काढता काढता तिच्याबरोबर काम करणारी नेडीन गुणगुणायची आणि व्हर्लीन दिसली की तोंड मिटायची.

“गा ना, गा,” व्हर्लीन एकदा म्हणालीच. “माझ्यासाठी कशाला थांबतेस?”

“राग मानू नकोस गं,” नेडीन घेवडा ढवळत म्हणाली. “पण त्या कॅसेटमध्ये काहीतरी आहे बघ. माझा नवरा, ज्याच्या तोंडातून वर्षाकाठी चार शब्द पडत नाहीत, तोसुद्धा गाडीत गातो! वाटतं, की तो आपल्यालाच...”

“मीठ कमी आहे,” व्हर्लीन म्हणाली आणि अख्खी मूठ घेवड्यात टाकली. त्या दिवशी पोरांनी ताटं तशीच परत पाठवली.

शुक्रवारी मावशी पुन्हा आली. या खेपेला ती बसायलाही थांबली नाही.

“हार्लिस येतोय रविवारी. फोन आला होता.”

व्हर्लीनच्या हातातली सुरी थांबली. आईच्या कृतीनं थरांचा केक करायला घेतला होता तिनं, वाळवलेल्या सफरचंदांचा. “येऊ दे. आई त्याचीही होती.”

“आईचा सूर कोण उचलणार, विचारत होता.”

“मी.”

“अगं, तू? मग तुझा?”

मावशीचा प्रश्न बरोबर होता. एका गळ्यात दोन सूर नांदत नाहीत. आईचा मधला सूर घ्यायचा तर व्हर्लीनला आपला वरचा सोडावा लागणार होता, जन्मभरासाठी. मग तो कुणीही उचलावा. जिवंतपणी स्वतःचा सूर सोडलेलं माणूस आमच्या चर्चनं अजून पाहिलं नव्हतं.

“माझा?” ती हसली, आणि ते हसू मावशीला बघवेना. “ज्याच्यासाठी राखला त्यानंच पुसला, मावशी. आता त्याला कवटाळून काय करू? निदान आईचा तरी जगू दे माझ्या गळ्यात.”

रविवारी ऊन लख्ख पडलं होतं. टेकडीवरच्या कबरींवरचं गवत काढलं, मेणाची फुलं वाहिली, झाडाखालच्या लांब टेबलांवर भांडी मांडली. व्हर्लीन क्षणभर टेकेल तर शपथ! भांड्यांवरची झाकणं सारखी करत होती, उगाच कुणाच्या कबरीवरचं फूल सरळ करत होती, आणि दर थोड्या वेळानं तिची नजर खालच्या रस्त्याकडं जात होती.

तो आला. गिटार नव्हती, हॅटही नव्हती. त्याचे खांदे बाबांसारखे वाकायला लागले होते हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं लगेच तोंड फिरवलं.

“व्हर्ली.”

“रस्ता बरा होता?”

“बरा होता.”

संपलं. एवढंच!

पाळक हॉबर्ट पुढं आले. म्हातारा माणूस, आवाज मात्र खणखणीत. “ओर्फा स्टिडमचा मधला सूर,” ते म्हणाले, “कोण उचलतंय?”

“मी,” व्हर्लीन पुढं झाली. “मी उचलते. आणि माझा वरचा सूर आज सोडते. ज्याला हवा त्यानं घ्यावा.”

माणसांत खळबळ उडाली. मावशीनं कपाळावर हात मारला. आणि गर्दीतून हार्लिसचा आवाज आला, “नाही!”

“तू कोण नाही म्हणणारा?” ती गर्रकन वळली. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तिच्या ओठांशी आलं. “तूच पुसलास ना माझा सूर? साऱ्या दुनियेसमोर? जुन्या गाण्यांत तेवढी एक उरले होते मी, तिथूनही काढून टाकलंस! आणि आता इथं येऊन...”

“पुसला?” हार्लिसचा चेहरा पांढराफटक पडला. “तू... तू ऐकलंच नाहीस?”

“कशाला ऐकू? माझी जागा दुसऱ्या कुणी गायलेली?”

हार्लिसनं आईच्या कबरीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि गायला लागला. ते देवाचं गाणं नव्हतं, पाळकांनी थांबवायला हात उचलला होता, पण का कोण जाणे, तो तसाच खाली आणला. “दार लोटू नकोस, आई, दिवा मालवू नकोस...”

आणि तो थांबला. श्वास धरून. बाबा पाळीवर असताना सगळे थांबायचे तसा... पुढची ओळ आलीच नाही. टेकडीवर वाऱ्याचाही आवाज नव्हता. व्हर्लीनच्या अंगावर काटा आला. हे काय? तिची जागा... रिकामी?

आणि त्या शांततेत मागून एक कोवळा, गोड, अजाण आवाज उठला, “अजून कुणीतरी...”

सगळ्या माना वळल्या. ट्रेसा होती ती, पाळकांची नवी सून, ओहायोतून आलेली. एवढे डोळे आपल्यावर पाहून ती बिचारी घाबरून तोंडावर हात धरून उभी राहिली.

“ट्रेसा!” तिची सासू ओरडली. “अगं, जित्या माणसाचा सूर आहे तो! काय केलंस हे!”

“मला... मला काय माहीत!” ट्रेसाला रडू कोसळलं. “कॅसेटमध्ये तिथं कुणीच गात नाही. प्रत्येक गाण्यात ती जागा मोकळीच आहे. जुनी ओळ पाठ आहे, मी गाडीत रोज गाते तिथं. सगळेच गातात! घरची आठवण यायची ना मला इथं, तेव्हा वाटायचं, की तो थांबलाय. माझ्यासाठी थांबलाय... म्हणून तर ती गाणी आवडतात सगळ्यांना!”

नेडीन मागून म्हणाली, “तेच सांगत होते मी! पण ही बया ऐकून घेईल तर!”

व्हर्लीन आईच्या कबरीच्या दगडाला धरून उभी राहिली.

“त्यांनी एक गायिका आणली होती तिथं,” हार्लिस हळूच म्हणाला. “चांगली गायची पोरगी. निर्माता म्हणाला, बहीण नाही का तुमची आता? मी म्हटलं, आहे. जिवंत आहे. मग तिची जागा मी दुसऱ्याला कशी देऊ? तो म्हणाला, खड्डा पडेल गाण्यात. म्हटलं, पडू दे... तुला माझी गाणी खोटी वाटतात, व्हर्ली. तुला नको होतं माझ्याबरोबर गायला. मान्य! पण तू वाटेवर नाहीस असं मी कसं म्हणू?”

“मला नको होतं?” व्हर्लीनच्या तोंडून हुंदका फुटला. “अरे वेड्या... मला नको होतं? बॅग भरलेली होती माझी! तो निळा झगा अजून पेटीत आहे! तू खाणीत नाव घालणार होतास... बाबांच्या खाणीत! तुला इथून घालवायला दुसरं काय बोलणार होते मी? खोटी गाणी नव्हती रे. मी खोटं बोलले!”

हार्लिस बघतच राहिला. कॉफीचा तो टाकलेला पेला, हसत हसत चाललेली ती सुरी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं, कारण एवढा मोठा पुरुष, ज्याला ऐकायला माणसं मैलोन्‌मैल गाडी हाकत येतात, तो मटकन गवतात बसला आणि बाबांचा सूर उचलताना कोसळला होता तसाच रडायला लागला.

“आणि मी तुला... आईच्या दफनालासुद्धा... न जेवता...”

“पुरे,” व्हर्लीननं त्याचं डोकं पोटाशी धरलं. “पुरे आता.”

पाळक हॉबर्ट खाकरले. त्यांचेही डोळे भरले होते, पण काम अर्धं टाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “व्हर्लीन स्टिडम,” ते म्हणाले, “तुझा सूर तू सोडतेस का?”

“नाही,” ती म्हणाली. “मेले नाही मी अजून.”

माणसांत हशा पिकला, रडता रडता.

“मग ओर्फाचा कोण घेणार?”

व्हर्लीननं मान वळवली. ट्रेसा अजून रुमालात नाक खुपसून उभी होती, परक्या डोंगरात, परक्या माणसांत. “ती घेईल,” व्हर्लीन म्हणाली. “आई असती तर तिनंही हिलाच जवळ बसवलं असतं. ये गं, इकडं ये. घाबरू नकोस. मी धरते हात.”

हार्लिस उठला. त्यानं खालचा सूर लावला, ट्रेसानं चाचरत मधला उचलला, आणि मग त्या ओळीपाशी दोघं थांबली. व्हर्लीननं तोंड उघडलं. आवाज चिरका झाला होता, काठ झिजले होते, वर पोहोचता पोहोचता तो फाटलाच. पण पोहोचला!

“अजून कुणीतरी वाटेवर आहे...”

त्यानंतर तिनं हार्लिसच्या ताटात घेवडा वाढला, कोंबडी वाढली, मक्याचा पाव वाढला, आणि केकचा एवढा मोठा तुकडा वाढला की तो हात आडवा धरायला लागला. “खा मुकाट्यानं,” ती म्हणाली. “मागचं जेवण बाकी आहे तुझं.” तोही खाली मान घालून खात राहिला, आणि सगळं ताट पुसून घेतल्यावरच उठला.

संध्याकाळी तो तिला घरी सोडायला निघाला. पिकअपमध्ये त्यानं स्वतःची कॅसेट ठेवली नव्हती, पण मावशीनं कधी कोण जाणे, ती व्हर्लीनच्या पर्समध्ये सारली होती. व्हर्लीननं ती काढली, उलटसुलट पाहिली आणि यंत्रात घातली. गिटार वाजली. हार्लिसचा आवाज आला. मग ती जागा आली. गिटारच्या तारा थांबल्या, आणि त्या रिकामपणात हार्लिसनं घेतलेला श्वास तिला ऐकू आला. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून, आता व्हर्ली गाणार म्हणून तो जसा धरायचा, अगदी तसा.

तिनं कॅसेट मागं नेली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं नेली.

“बिघडलीय का?” हार्लिसनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “गाडी हळू चालव.”

किती तरी महिन्यांनी तिचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते.